सोर्स कोड प्रो बोल्ड : जाडी वाढली, जागा तेवढीच

सोर्स कोड प्रो हा ॲडोबी कंपनीने २०१२ साली खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केलेला समरुंद, म्हणजेच मोनोस्पेस फाँट होय. पॉल हंट यांनी तो सोर्स सॅन्स या फाँटवरून संगणकाचा कोड लिहिण्यासाठी बेतला.

समरुंद फाँटमध्ये रोमन ‘आय’ला आणि ‘एम’ला सारखीच जागा मिळते. त्यामुळे खरी कसोटी लागते ती ठळक अक्षरांत. रेघ जाड होते, पण चौकट वाढत नाही. ‘एम’च्या तीन उभ्या रेघा कोंदटून एकमेकींत मिसळू नयेत, म्हणून त्या किंचित बारीक ठेवाव्या लागतात. उलट ‘आय’ला पट्टी जोडून जागा भरावी लागते, सेरिफ नसलेल्या फाँटलाही ही तडजोड चुकत नाही. शून्याच्या पोटात ठिपका असल्याने ते ‘ओ’पासून वेगळे दिसते. पासवर्ड किंवा सर्व्हरचा पत्ता वाचताना हा ठिपका मोलाचा ठरतो.

साध्या आणि ठळक, दोन्ही अक्षरांची रुंदी ६०० एककेच. त्यामुळे कोडमधले निवडक शब्द ठळक केले तरी खालच्या-वरच्या ओळींचे रकाने हलत नाहीत. पानभर मजकूर ठळक लावणे मात्र डोळ्यांवर अन्यायच.

या फाँटमध्ये रोमन, ग्रीक व सिरिलिक अक्षरे आहेत, देवनागरी नाही. कोडमध्ये मराठी टिप्पणी लिहिली, की संगणक दुसऱ्या फाँटची अक्षरे आणतो आणि रकाने विस्कटतात. देवनागरी समरुंद करणेही सोपे नाही. ‘र’ सडपातळ, ‘क्ष’ ऐसपैस आणि ‘कि’मधली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येऊनही त्याच्या आधी बसते.