दार-ए-सलाम शहराचे मानचित्रण आणि हरित विकास : एक ऐतिहासिक अभ्यास (१८९१ ते २०२२)

प्रस्तावना :

आफ्रिका खंडातील वेगवान नागरीकरण हा एकविसाव्या शतकातील महत्त्वाचा अभ्यासविषय ठरला आहे. टांझानियातील दार-ए-सलाम हे हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील शहर त्याचे ठळक उदाहरण होय. २०१२ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ४३.६ लाख होती. २०२२ च्या जनगणनेत ती ५३.८ लाखांवर गेली. यांपैकी बहुसंख्य नागरिक अनियोजित वस्त्यांत राहतात. पूरनियंत्रण, सांडपाण्याचा निचरा व मोकळ्या हरित जागांचे रक्षण यांसाठी २०१५ पासून येथे ड्रोन व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने मानचित्रण होऊ लागले. परंतु ही केवळ नव्या तंत्रज्ञानाची किमया मानणे अपुरे ठरेल. शहराचा नकाशा कोण काढतो आणि कोणासाठी काढतो, हा प्रश्न दार-ए-सलाममध्ये सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

उद्दिष्टे :

१) वसाहतकालीन नगररचनेचे स्वरूप तपासणे.
२) ड्रोन व अंकीय साधनांनी झालेल्या मानचित्रणाचा आढावा घेणे.
३) या मानचित्रणाच्या मर्यादांची ऐतिहासिक दृष्टीने चिकित्सा करणे.

वसाहतकालीन नगररचना :

झांझिबारचा सुलतान माजिद याने १८६० च्या दशकात दार-ए-सलामची उभारणी सुरू केली. १८९१ मध्ये जर्मन प्रशासनाने बागामोयोहून आपली राजधानी येथे आणली आणि त्याच वर्षी बांधकामविषयक नियम लागू केले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. त्यांनीही शहराचे तीन विभाग कायम ठेवले. पहिला युरोपीयांचा, दुसरा मुख्यतः भारतीय व्यापाऱ्यांचा व तिसरा आफ्रिकी रहिवाशांचा. स्वाहिली भाषेत पहिल्या दोन विभागांना अनुक्रमे उझुंगुनी व उहिंदिनी म्हटले जाई. आफ्रिकी वस्तीतील कारियाकू हे नाव ब्रिटिश सैन्याच्या हमालांच्या दलाच्या, म्हणजे ‘कॅरिअर कोअर’च्या, नावावरून पडले. या वस्तीच्या व उर्वरित शहराच्या मध्ये म्नाझी म्मोजा हे मैदान मोकळे राखण्यात आले. आरोग्यरक्षण हे त्याचे सांगितलेले कारण होते. प्रत्यक्षात ते वंशभेदाची सीमारेषाही ठरले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नियमांच्या शब्दांत वंशाचा नव्हे, तर बांधकामाच्या दर्जाचा उल्लेख असे. माती, लाकूड व झावळ्यांची घरे केवळ तिसऱ्या विभागात चालत. अशा रीतीने घराचे छप्परच माणसाचे शहरातील स्थान ठरवीत असे. शहराला हिरवी जागा मिळाली, पण ती माणसांना दूर ठेवण्यासाठी होती.

स्वातंत्र्योत्तर काळ :

१९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला. दार-ए-सलामसाठी १९४९, १९६८ व १९७९ असे विकास आराखडे झाले. तथापि शहराची वाढ आराखड्यांच्या पुढे धावत राहिली. म्सिंबाझी नदीचे खोरे वस्तीस धोकादायक मानले गेले होते, तरीही कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी जागा म्हणून गरीब कुटुंबे तेथेच स्थिरावली. डिसेंबर २०११ च्या महापुरात शहरात सुमारे ४० जणांचा बळी गेला. पूरग्रस्तांना शहराबाहेर मबवेपांडे येथे भूखंड देण्यात आले. पण रोजगार दूर पडल्याने अनेक जण खोऱ्यात परतले.

ड्रोन व अंकीय मानचित्रण :

२०११ मध्ये तांडाले वस्तीत विद्यार्थी व रहिवाशांनी मिळून नकाशा तयार केला. हाच धागा पुढे नेत २०१५ मध्ये ‘रामानी हुरिया’ हा उपक्रम सुरू झाला. स्वाहिलीत या नावाचा अर्थ ‘खुला नकाशा’ असा होतो. आर्धी विद्यापीठ व दार-ए-सलाम विद्यापीठाचे विद्यार्थी, स्थानिक रहिवासी, रेड क्रॉस व जागतिक बँक यांचा त्यात सहभाग होता. हलक्या ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांत काही सेंटिमीटरपर्यंतचे तपशील दिसतात. त्यांवरून जमिनीचे चढउतार समजतात व पावसाचे पाणी कोठे साचेल याचा अंदाज बांधता येतो. मात्र गटाराची खोली किंवा ते तुंबले आहे काय, हे आकाशातून कळत नाही. ती नोंद विद्यार्थ्यांनी गल्लोगल्ली पायी फिरून भ्रमणध्वनीवर केली. ‘शिना’ या सर्वांत लहान स्थानिक घटकाच्या सीमा तर कोणत्याही कागदावर नव्हत्या. १९६० च्या दशकातील दहा घरांच्या पक्षसंघटनेतून आलेल्या ‘म्जुंबे’ या वस्तीप्रमुखांच्या स्मरणातून त्या नकाशावर आल्या. याच सुमारास, २०१६ मध्ये, झांझिबार बेटांचेही ड्रोनद्वारे मानचित्रण सुरू झाले व त्यात तेथील राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ड्रोन उडविण्याचे प्रशिक्षण मिळाले.

मर्यादांची चिकित्सा :

डिसेंबर २०१५ मध्ये म्सिंबाझी खोऱ्यातील घरांवर लाल फुली मारून अनेक घरे पाडण्यात आली. कारण पर्यावरणरक्षणाचे व पूरसुरक्षेचे होते. दुसरीकडे, मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या जलद बससेवेचे आगार त्याच खोऱ्यात जांग्वानी येथे उभारलेले होते आणि ते वारंवार पाण्याखाली गेले. म्हणजेच धोक्याची माहिती असूनही नियम सर्वांना सारखा लागू झाला नाही. ही उणीव नकाशाची नसून निर्णयाची होती.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. येथील पारंपरिक स्वाहिली घरात मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या असतात व त्या अनेकदा वेगवेगळ्या भाडेकरूंना दिलेल्या असतात. ड्रोनला एक छप्पर दिसते; त्याखालील पाच-सहा कुटुंबे दिसत नाहीत. छपरावरून माणसाची गणना करण्याची वसाहतकालीन सवय नव्या साधनातूनही परतू शकते. २०१९ च्या आराखड्यात म्सिंबाझी खोऱ्यात मोठे उद्यान प्रस्तावित झाले आणि २०२२ मध्ये जागतिक बँकेने खोरे विकास प्रकल्पास मंजुरी दिली. त्यामुळे भरपाईच्या यादीत भाडेकरूचे नाव येते की नाही, हा प्रश्न कळीचा ठरतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, दार-ए-सलाममध्ये ड्रोनमुळे दुर्लक्षित वस्त्या प्रथमच तपशिलाने नकाशावर आल्या. परंतु नकाशावर येणे म्हणजे शहरात हक्काचे स्थान मिळणे नव्हे. त्याच छायाचित्रावरून गटार बांधता येते आणि घरही पाडता येते. भारतात २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत महाराष्ट्रातील गावठाणांचेही ड्रोनद्वारे मोजमाप होऊन मिळकत पत्रिका देण्यात आल्या. तेथे नकाशाला मालकीच्या दस्तऐवजाची जोड मिळाली. दार-ए-सलामच्या खोऱ्यातील रहिवाशांना असे संरक्षण नव्हते. हरित विकास न्याय्य व्हावयाचा असेल, तर ड्रोनचे छायाचित्र, विद्यार्थ्यांची पायी नोंद व म्जुंबेचे स्मरण या तिन्हींना निर्णयप्रक्रियेत समान स्थान मिळणे आवश्यक आहे. अन्यथा म्नाझी म्मोजाचीच नवी आवृत्ती अधिक अचूक नकाशावर आखली जाईल.