रंग निवडा

मागच्या दसऱ्याला नवऱ्यानं मला स्मार्टवॉच घेऊन द्यायचं ठरवलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. मॉडेल ठरलं, आकार ठरला, हप्ते ठरले. मग पुढच्या पायरीवर 'रंग निवडा' असं आलं आणि खाली पाच गोल. काळा, रुपेरी, फिकट गुलाबी, आकाशी, लव्हेंडर. माझा हात तिथंच थांबला.

"अगं, घे ना कुठलाही. पट्टा तर बदलता येतो," तो म्हणाला.

ते खरंच होतं. शिवाय असले गोल बनवणं हे माझं कामच आहे. मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. माझ्यासाठी रंग म्हणजे पाउंडाच्या चिन्हापुढचे सहा आकडे-अक्षरं. एका शॉपिंग साइटसाठी हीच पायरी मी दोनदा लिहिली आहे. पण त्या दिवशी गुलाबी आणि आकाशी हे दोन गोल शेजारी शेजारी दिसत होते, आणि मला एकावरही बोट ठेवता येईना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचं बाळ गेलं. दहावा आठवडा चालू होता. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर जरा जास्त वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला. तेवढ्यावरून कळलं. आई फोनवर नातेवाइकांना सांगत होती, "राहिलं होतं, पण टिकलं नाही." इतकं छोटं वाक्य. प्रसूतीची तारीख ३ जानेवारी दिली होती. ती कॅलेंडरमध्ये टाकलेली होती आणि मी ती काढली नव्हती.

त्या रविवारी घड्याळ घेतलं नाही. त्याऐवजी मी रंगांबद्दल वाचायला लागले. दुःखात माणसं काहीही करतात. मी वाचते.

काळा, कारण दुसरा जमत नव्हता

आजोबांच्या घरी कपाटावर एक बंद पडलेला काळा डायलचा फोन होता, त्यावर आजीनं क्रोशाचं झाकण घातलेलं. लहानपणी वाटायचं, जुन्या लोकांना काळाच रंग आवडत असणार. खरं कारण रसायनात आहे. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बॅकेलाइट हे पूर्णपणे कृत्रिम असं पहिलं प्लास्टिक तयार केलं. ते उष्णतेला टिकायचं, विजेला अडवायचं, म्हणून फोनसाठी उत्तम. पण ही राळ मुळातच गडद. उजेडात आणखी काळवंडायची. त्यात भर म्हणून लाकडाचा भुसा घालत. अशा मालातून फिकट गुलाबी फोन निघणार कसा? काळा आणि तपकिरी, एवढंच शोभायचं. आपल्याकडे १९४८ मध्ये बंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली, आणि पुढची कित्येक वर्षं भारतात फोन म्हटलं की तो काळाच डोळ्यांपुढे यायचा.

प्लास्टिक बदललं तसे रंग आले. अमेरिकेत १९५४ पासून घरगुती टेबलफोन रंगीत मिळू लागले. १९९८ च्या नोकिया ५११० चं पुढचं कव्हर काढून दुसऱ्या रंगाचं लावता यायचं. २००४ च्या आयपॉड मिनीमध्ये पाच रंग होते. त्याचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम आम्लात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार होतो, रंग त्या बारीक छिद्रांत शिरतो, आणि मग छिद्रं बंद करतात. म्हणजे हा रंग वरून फासलेला नसतो, धातूच्या सालीत मुरलेला असतो. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फोन-घड्याळांना रंग असाच चढतो.

सोपं मात्र काहीच नसतं. आयफोन ४ जून २०१० मध्ये आला, पण त्याचा पांढरा भाऊ दुकानात पोचायला एप्रिल २०११ उजाडलं. पांढरा रंग इतका अवघड ठरला. २०१३ मध्ये सोनेरी आला, २०१५ मध्ये रोझ गोल्ड, २०१९ च्या आयफोन ११ मध्ये फिकट जांभळा. ज्या यंत्राला शंभर वर्षांपूर्वी रंग निवडायची सोयच नव्हती, ते आज विचारतं, तुमचा कुठला?

दुःखाचं कोष्टक

फिकट जांभळ्याचा इतिहास शोधताना मी थेट शोकापर्यंत पोचले.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला. क्विनाइन झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला. तो अल्कोहोलनं धुताना जांभळं पाणी निघालं, आणि त्यात रेशीम बुडवलं तर रंग पक्का बसला. हा 'मॉव्ह', कारखान्यात बनलेला पहिला यशस्वी कृत्रिम रंग. १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नाला मॉव्ह नेसून गेली आणि त्याची लाट आली.

तीच राणी डिसेंबर १८६१ मध्ये नवरा गेल्यावर काळे कपडे घालू लागली आणि १९०१ मध्ये मरेपर्यंत तिनं ते सोडले नाहीत. तिच्या काळातल्या इंग्लंडात सुखवस्तू बायकांच्या शोकाचं कोष्टकच असायचं. आधी चकाकी नसलेला ठार काळा. मग काही महिन्यांनी 'अर्धा शोक', त्यात करडा, लव्हेंडर, मॉव्ह चालायचे. विधवेला सगळं मिळून साधारण अडीच वर्षं. मूल गेलं तर साधारण एक वर्ष. रंग उजळत गेला की लोकांना कळायचं, ही बाई आता कुठवर आली आहे.

हे वाचून आधी मला राग आला. दुःखाची कसली वेळापत्रकं लावायची! आणि विधवेच्या कपड्यांवर सगळ्यांनी नजर ठेवणं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रात केशवपन केलेल्या विधवेला लाल आलवण नेसावं लागायचं, आणि त्या रंगात तिच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. पण दोन दिवसांनी वाटलं, निदान कुणाला विचारावं तरी लागत नव्हतं. मी जूनमध्ये आठवड्याभरात ऑफिसला गेले, पिवळा कुर्ता घालून. लिफ्टमध्ये एकजण म्हणाली, "बारीक झालीस गं, मस्त दिसतेयस."

पण अशा कोष्टकात पहिला प्रश्न 'तुमचं नातं काय' हा असतो. ज्याला नाव नाही, ज्याचा मुलगा की मुलगी हे ठाऊक नाही, त्याला कुठल्या रकान्यात घालायचं?

महिने तितक्या रात्री

आपल्या धर्मशास्त्रात मात्र रकाना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हिशेब दिला आहे: गर्भ पडला तर जितक्या महिन्यांचा, तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते. पराशरस्मृतीत तर शब्दही वेगवेगळे. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, त्यापुढे प्रसूती. मला तिसरा लागला होता. म्हणजे तीन रात्री.

इंजिनिअर म्हणून मला हा फॉर्म्युला आवडायला हवा होता. एक इनपुट, एक आउटपुट. पण तो मोजतो ते अशौच, म्हणजे विटाळ. दुःख त्याच्या कक्षेतच नाही. तीन रात्रींनंतर स्वयंपाकघरात जायला हरकत नसेल. रात्री तीन वाजता जाग येण्याबद्दल तिथं काही म्हटलेलं नाही.

कायद्याचा हिशेब वेगळा. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा झाला. त्याच्या विधेयकाच्या बाजूनं १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. सहा आठवडे! मला हे जूनमध्ये माहीतच नव्हतं. आमच्या रजेच्या पोर्टलवर प्रकार निवडायचा ड्रॉपडाउन आहे. त्यात आजारपण होतं, प्रसूती होती, लग्न होतं. मी 'आजारपण' निवडून पाच दिवस घेतले. कारणाच्या चौकटीत 'ताप' लिहिलं.

लाल, गुलाबी, निळा

जपानमध्ये अशा बाळांना शब्द आहे: मिझुको, पाण्याचं मूल. गर्भात गेलेली, मृत जन्मलेली, पाडावी लागलेली, सगळीच त्यात येतात. त्यांचा सांभाळ जिझो हा बोधिसत्त्व करतो अशी श्रद्धा. टोक्योच्या झोजोजी मंदिरात लहान मुलांसारख्या चेहऱ्याच्या दगडी मूर्तींच्या रांगा आहेत. त्यांच्या डोक्यावर लाल टोपडी, गळ्यात लाल लाळेरी, शेजारी भिरभिरी. १९७० च्या दशकापासून हा विधी खूप पसरला. काही देवळांनी आयांच्या मनातली भीती वापरून त्याचा धंदा केला, अशी टीकाही तिथं झाली. ती खरीच असणार. तरी रात्री तो व्हिडिओ बघताना मी लाळेऱ्यांकडेच बघत राहिले. कुणीतरी घरी बसून ती शिवली होती.

गुलाबी-निळ्याचं कोडंही सुटलं. मुलीला गुलाबी आणि मुलाला निळा ही जोडी काही सनातन नाही. आधी पाश्चात्त्य देशांतही बाळांना पांढरंच घालत, कारण ते उकळता येतं. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकानं तर मुलांना गुलाबी आणि मुलींना निळा असा उलटा सल्ला दिला होता. इतिहासकार जो पाओलेट्टी यांनी याचा माग काढला आहे. आजची जोडी पक्की झाली १९४० च्या दशकात आणि त्यानंतर. १९८८ मध्ये रेगन यांनी ऑक्टोबर हा गर्भात आणि बालपणी गेलेल्या बाळांच्या आठवणीचा महिना म्हणून जाहीर केला. त्याची फीत अर्धी गुलाबी, अर्धी निळी असते. दोन्ही, कारण कित्येकांना कुठला ते कळलेलंच नसतं. म्हणजे ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी ते दोन गोल मला उगाच अडवत नव्हते.

आणि एक रंग तर मी रोज वापरते त्या भाषेतच होता. सीएसएसमध्ये काही रंगांना नावं आहेत. त्यात २०१४ मध्ये एक नवं आलं: रेबेकापर्पल, #६६३३९९. एरिक मेयर हे सीएसएसमधलं मोठं नाव, त्यांची पुस्तकं वाचून कित्येकजण हे काम शिकले. त्यांची मुलगी रेबेका ७ जून २०१४ रोजी मेंदूच्या कर्करोगानं गेली, तिच्या सहाव्या वाढदिवशी. तिचा आवडता रंग जांभळा. वेब बनवणाऱ्यांनी एक जांभळा तिच्या नावे करायचं सुचवलं. आधी त्यात तिचं लाडकं नाव, 'बेका' होतं. मेयर म्हणाले, पूर्ण नाव ठेवा. सहा वर्षांची झाले की मी मोठी, मग मला रेबेका म्हणायचं, असं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि जवळजवळ बारा तास ती सहा वर्षांची होती.

ते नाव मी कोडमध्ये कितीदा टाइप केलं असेल! चाचणीसाठी डब्याला झटकन रंग द्यायचा असला की हमखास. त्यामागे कोण आहे हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं.

काळं कापड

दिवाळीत आजीकडे गेले. तिला बातमी कळली होती, पण ती काही बोलली नव्हती. करंज्या भरता भरता म्हणाली, "मलाही दोनदा टिकलं नव्हतं. तुझ्या आईच्या आधी."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही अर्धंच माहीत होतं.

"दुसऱ्यांदा पाचवा होता. मी झबल्याला काळं कापड आणून ठेवलं होतं, पहिल्या संक्रांतीला. सासूबाई ओरडल्या, आधी कशाला आणलंस. मग गेलंच. कितीतरी वर्षं वाटायचं, कापड आणलं म्हणून गेलं."

मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. समजलेल्या गरोदरपणांपैकी शंभरातली दहा ते वीस अशी जातात. सुरुवातीच्या महिन्यांत गेलेल्यांपैकी निम्म्यांत तरी गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. कापडानं काही होत नाही, जिना चढल्यानं, लॅपटॉप मांडीवर घेतल्यानंही नाही. शेवटचं मी बहुतेक स्वतःलाच सांगत होते.

"त्या कापडाचं काय केलंस?" मी विचारलं.

"उशीला अभ्रा शिवला. फाटेपर्यंत वापरला."

आपल्याकडे एरवी शुभकार्याला काळा नको असतो. फक्त संक्रांतीला चालतो. थंडीत काळा ऊब धरून ठेवतो, असं कारण सांगतात. तान्ह्या बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि बोरनहाणाला डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. गाडीत बसल्यावर मी कॅलेंडर उघडून मोजलं. ३ जानेवारीला जन्म झाला असता तर बारावा दिवस १४ जानेवारी. बारसं आणि संक्रांत एकाच दिवशी.

घरी आल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं आणि काळ्या गोलावर क्लिक केलं.

"काळाच?" नवऱ्यानं विचारलं. "इतके रंग असताना?"

मी त्याला झबल्याचं सांगितलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःसाठीही एक कार्टमध्ये टाकलं. काळंच.

संक्रांतीला मी काळी साडी नेसले आणि ते घड्याळ घातलं. सासूबाईंनी तिळगूळ दिला, शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, कुणाला काही कळलं नाही. आम्हा दोघांना माहीत होतं. संध्याकाळी आजीला फोन केला आणि घड्याळाचा रंग सांगितला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "काळा मळत नाही."