माडी, अबकारी आणि केशवाहिन्या

मालवणच्या किनाऱ्यावर माडाची पोय छेदून तिच्या टोकाशीं मडकें बांधण्याची रीत जुनी आहे. पहाटे उतरलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढूं लागलें कीं किण्व त्यांतली साखर खातें आणि तोच रस माडी होतो. मडक्यास आंतून चुना लावला तर हें आंबणें लांबतें. हा भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें तो सरकारी वहींत गेला: रस काढावयाच्या झाडावर कर, विक्रीस परवाना. त्या वहींत माड मोजले जात. पिणाऱ्याच्या रक्ताचें काय होतें, याचा रकाना तींत नव्हता.

तो रकाना दुसरीकडे भरूं लागला होता. १८६७ मध्यें जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ यूलियुस कोनहाइम यानें जिवंत बेडकाच्या पातळ पडद्यांत दाह पाहिला. बारीक वाहिन्या रुंदावतात, श्वेतपेशी त्यांच्या भिंतीस चिकटतात आणि हळूच बाहेर पडतात. लाली, सूज, उष्णता व वेदना या चार पुरातन लक्षणांमागचें कारण अशा रीतीनें डोळ्यांस दिसलें.

आतां मद्याकडे वळूं. त्यानें रक्त तापतें ही समजूत मोठी चिवट! वस्तुतः त्वचेच्या वाहिन्या रुंदावल्यामुळें चेहरा लाल होतो आणि शरीराची ऊब बाहेर जाते. रात्रीं होडीवर गार वाऱ्यांत बसलेल्यास तर हा उपाय उलटाच पडावयाचा. शिवाय एका बैठकींत पुष्कळ मद्य घेतल्यास श्वेतपेशींचें तें चिकटणें व बाहेर पडणें मंदावतें. मासळीचा कांटा लागलेला हात अशा वेळीं चिघळण्याचा धोका अधिक. येथें दाह कमी होतो, पण रक्षणही कमी होतें.

वर्षानुवर्षें पिणाऱ्याची गोष्ट नेमकी उलट. त्याच्या आंतड्याचें अस्तर सैल पडतें, जंतूंचीं विषें रक्तांत झिरपतात, यकृतांतल्या भक्षक पेशी चेतवल्या जातात आणि दाह तेथें मुक्काम करतो. यकृतांतल्या सूक्ष्म वाहिन्यांभोंवतीं हळूहळू तंतू दाटतात. माडींत मद्यांश थोडा म्हणून ती निरुपद्रवी, हा युक्तिवाद मला पटत नाहीं; शरीर मोजतें तें एकंदर मद्य, पेयाचें नांव नव्हे.

पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या यशापयशाची चर्चा निराळी. यकृताचें गणित मात्र सरळ आहे: पिणें थांबलें तर दाह ओसरतो, आरंभीचे तंतूही कांहीं अंशीं विरतात, तंतूंच्या गांठी पक्क्या झाल्यावर पूर्वीची रचना क्वचितच परत येते.