दोन पेठांची शिदोरी

जुन्या शहराच्या पेठेंतून पांचदहा पाहुण्यांना हिंडवावें, या दुकानांतली मिठाई, त्या गाड्यावरचा चमचमीत पदार्थ त्यांच्या हातावर ठेवावा आणि चालतां चालतां चार गोष्टी सांगाव्या, अशा खाद्यफेऱ्या मुंबई-पुण्याकडे आतां कोणास नवलाच्या वाटत नाहींत. माहितगार वाटाड्या पुढें चालतो, मंडळी मागून जातात आणि दोन तासांत शहराची चव घेऊन परततात. या प्रकारास नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ज्या गल्लींत एरव्हीं पाऊल पडलें नसतें ती या निमित्तानें पाहिली जाते, हा लाभ लहान नव्हे. परंतु अशा फेरींत पदार्थ जिभेवर जितका राहतो तितका विचारांत राहत नाहीं. हा पदार्थ येथेंच कां प्रसिद्धीस आला, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. कृष्णेच्या खोऱ्यांतील सातारा आणि सांगली या दोन शहरांच्या पेठांतून इतिहासालाच वाटाड्या करून एक फेरी मारली, तर या प्रश्नाचें उत्तर सांपडतें असें मला वाटतें. तें उत्तर असें कीं, पेठ ताज्या मालावर चालते खरी, पण गाजते ती टिकविलेल्या मालावर.

साताऱ्यापासून आरंभ करूं. ता. १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूमहाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि मराठी राज्याची गादी येथें स्थिर झाली. अजिंक्यताऱ्यासारखा किल्ला राजाचें रक्षण करूं शकतो. राजधानीचें पोट भरणें मात्र त्याच्या आवांक्यांतलें नव्हे. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, कारागीर आणि त्यांचीं कुटुंबें एवढा संसार डोंगराच्या माथ्यावर मावत नाहीं; आणि मावला, तरी त्याचें दाणापाणी रोज वर चढवितां येत नाहीं. म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशीं शहर वाढलें. त्यास शाहूनगर म्हणत. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशीं वारांचीं नांवें धारण करणाऱ्या त्याच्या पेठा आजहि त्याच नांवांनीं ओळखल्या जातात.

पेठ वसविणें म्हणजे त्या काळीं नुसत्या दुकानांच्या रांगा उभ्या करणें नव्हे. उदमी माणसानें आपलें भांडवल घेऊन नव्या जागीं कां यावें? त्यासाठीं सरकारांतून कौल द्यावा लागे, कांहीं वर्षें जकात व इतर पट्ट्या माफ कराव्या लागत, आणि शेटे व महाजन नेमून वजनमापें, तंटे व वसुली यांची व्यवस्था लावावी लागे. पेठ ही अशा रीतीनें राजा आणि व्यापारी यांच्यामधील एक करार असे. राजानें अभय द्यावें, व्यापाऱ्यानें माल आणावा. मात्र राजधानीची पेठ ही मुख्यतः खाणाऱ्यांची पेठ. चहूंकडून माल तेथें येतो आणि तेथेंच संपतो.

असा करार राजा असेपर्यंत चालतो. १७४९ मध्यें शाहूमहाराज निवर्तले. राज्याचा कारभार पुण्यास एकवटला आणि साताऱ्याकडे गादीचा मान तेवढा उरला. १८१८ मध्यें इंग्रजांनीं प्रतापसिंहमहाराजांना गादीवर बसविलें. त्यांनीं शहरांत रस्ते केले, पाणी आणलें. परंतु १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. १८४८ मध्यें त्यांचे बंधु शहाजीराजे वारले. त्यांचा दत्तक नामंजूर होऊन राज्य खालसा झालें. ज्या गिऱ्हाइकासाठीं पेठ वसली होती तें गिऱ्हाईकच गेलें. अशा वेळीं कित्येक राजधान्यांच्या पेठा ओसाड पडल्या आहेत. साताऱ्याची पडली नाहीं. जिल्ह्याचें ठाणें येथें राहिलें हें त्याचें एक कारण. परंतु दुसरें कारण आपल्याला मोती चौकाच्या आसपास, हलवायाच्या परातींत दिसतें.

दूध हा सर्वांत उतावळा माल. सकाळचें दूध संध्याकाळपर्यंत थांबत नाहीं. साताऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या उतारावर गवत मुबलक, म्हशी पुष्कळ. पण तेथलें दूध डोंगरवाटांनीं शहरांत आणावयाचें आणि खपावयाचें, हें दोन्हीं एका दिवसांत साधणें कठीण. त्यावर उपाय एकच, दुधांतलें पाणी घालवून त्याचा खवा करणें. साताऱ्याच्या हलवायानें याच्याहि पुढें एक पाऊल टाकलें. त्यानें खवा पुन्हां कढईंत परतला, त्याला तांबूस रंग येईपर्यंत भाजला आणि मग त्याचे पेढे वळले. भाजल्यामुळें ओलावा आणखी कमी झाला, चवीला खमंगपणा आला आणि पेढा प्रवासाला टिकूं लागला. हाच साताऱ्याचा कंदी पेढा. कोणी गोऱ्या साहेबानें त्यास 'कॅण्डी' म्हटलें म्हणून तो कंदी झाला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यांत एक गंमत आहे. इंग्रजी 'कॅण्डी' हा शब्द मुळांत संस्कृत 'खण्ड', म्हणजे आपली खांड, याच्यापासूनच फारसी व अरबी मुलखांतून फिरत युरोपांत गेला. साहेबानें तो शब्द आपल्या पेढ्यास दिलाच असेल, तर आपलेंच उसनें त्यानें फेडलें, इतकेंच म्हणावयाचें!

हलवायाकडून मंडईंत यावें. येथें आपल्या पाटींत पडणारी भाजी पाहून आपला समज असा कीं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी भाजी. वस्तुस्थिति निराळी आहे. मिरची, बटाटा, भुईमूग हीं तिन्हीं अमेरिकेकडून समुद्रमार्गानें आपल्याकडे आलीं. शिवकालाच्या फार पूर्वींच्या मराठी स्वयंपाकघरांत तिखटपणा मिऱ्यानें आणि आल्यानें येत असे. कोरेगांवकडील वाघ्या घेवडा, ज्याच्या दाण्यावरील पट्ट्यांमुळें त्याला हें नांव पडलें आणि ज्यास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन लाभलें, त्याचेंहि मूळ कूळ अमेरिकेंतलेंच. महाबळेश्वरचें ठाणें तर १८२९ च्या सुमारास प्रतापसिंहमहाराजांकडून अदलाबदलींत इंग्रजांना मिळालें. तेथल्या तुरुंगांतील चिनी व मलायी कैद्यांनीं डोंगरउतारावर बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. परक्या देशाचें बीं, परक्या देशाचा कैदी, आणि भाजी साताऱ्याच्या घरची! मंडई कोणाचें कूळ विचारीत नाहीं. जें रुजलें, टिकलें आणि परवडलें, तें चार पिढ्यांनीं आपलें झालें. पेठेच्या या उदारपणाकडे खाद्यफेरीच्या वाटाड्यानें जरूर बोट दाखवावें.

आतां कृष्णेच्या बरोबर खालीं उतरूं. महाबळेश्वरीं उगम पावणारी ही नदी वाईवरून, साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन सांगलीस पोंचते. या दोन शहरांचें नातें केवळ नदीचें नाहीं. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ मध्यें जो नवा जिल्हा झाला त्याचें नांव दक्षिण सातारा. १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणजे कागदोपत्रीं कां होईना, सांगली हा अकरा वर्षें साताऱ्याचाच दक्षिण भाग होता.

तरी दोन्ही पेठांचा स्वभाव भिन्न. मिरजेच्या पटवर्धनांच्या घराण्यांत वांटणी झाली आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांगली हें आपलें ठाणें केलें. गणेशदुर्ग उठला, कृष्णेच्या कांठीं गणपतीचें देऊळ झालें. येथेंहि राजाश्रय होताच. १८४३ मध्यें विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें तें याच आश्रयाखालीं. परंतु सांगलीची पेठ राजवाड्याला खाऊं घालण्यापुरती राहिली नाहीं. पश्चिमेस उसाचा मळईचा मुलूख, पूर्वेस जत-कवठेमहांकाळचा कोरडा पट्टा, दक्षिणेस कर्नाटक, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हांकेच्या अंतरावर मिरजेस आलेली रेल्वे, अशा चौफुलीवर ही पेठ बसली. माल येथें येऊन संपत नसे. तो थांबे, भाव पाही आणि पुढें जाई. शहरांतल्या एका वस्तीचें नांवच वखारभाग आहे. नांवांवरून इतिहास ओळखावयाचा, तर याहून स्पष्ट नांव शोधूनहि मिळणार नाहीं. ता. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली संस्थान विलीन झालें, तेव्हां गादी गेली. वखार जागेवर राहिली.

या वखारींत राज्य हळदीचें. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसास लावतों, आणि ती हळदीलाच कां लावली हें हळदीचा शेतकरी पाहिल्यावर कळतें. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद माघ-फाल्गुनांत निघते. मग ती शिजवावयाची, पंधरवडाभर उन्हांत वाळवावयाची, घासून तिला झळाळी आणावयाची, आणि तेव्हां कुठें हळकुंड बाजारांत जातें. बाजारांतहि त्याची परीक्षा संपत नसे. पूर्वीं अनेक बाजारांत सौदा रुमालाखालीं होई. अडत्या आणि खरेदीदार यांचे हात रुमालाआड जात, बोटांच्या खुणांनीं भाव ठरे. आणि ज्याच्या घामाचा माल तो शेतकरी शेजारीं उभा राहून दोघांच्या चेहऱ्यांवरून आपलें नशीब ताडीत बसे. १९३९ च्या मुंबई इलाख्याच्या व पुढें १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार कायद्यानें उघड लिलावाची रीत रुजली. जुन्या पेठेचें कौतुक करतांना हा रुमाल विसरतां कामा नये. जुनें तें सर्वच सोनें नव्हतें.

परंतु त्याच जुन्या पेठेनें एक विद्या जोपासली होती, ती पाहण्यासाठीं सांगलीबाहेर थोडें चालावें लागतें. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथील जमीन कठीण व घट्ट. तींत खोल पेंवें खणून सांगलीचे व्यापारी हळद ठेवीत. पेंवाचें तोंड एक माणूस उतरेल एवढेंच, आणि पोट मात्र घागरीसारखें मोठें. तळाला व कडांना पाचट आणि चटया घालीत, हळद भरीत आणि तोंड दगडमातीनें बंद करीत. आंतली हवा थोड्याच काळांत निकस होई. त्यामुळें किडीला जगतां येत नसे, आणि हळद वर्षानुवर्षें रंग व वास राखून राही. ही हवा माणसालाहि तितकीच घातक. म्हणून पेंव उघडल्यावर तें बराच वेळ तसेंच ठेवीत, मग दोरीनें कंदील आंत सोडीत. कंदील तेवत राहिला तरच माणूस खालीं उतरे. रसायनशास्त्राचें पुस्तक न वाचलेल्या माणसांनीं प्राणवायूचा हा हिशोब जिवावरच्या अनुभवानें बसविला होता.

अशीच पेंवें धान्यासाठीं गांवोगांव होतीं. माण-खटाव आणि जतकडील अवर्षणाच्या पट्ट्यांत सुगीची ज्वारी पेंवांत जाई, कारण पुढचें वर्ष कसें येईल याची शाश्वती नसे. १८७६-७७ च्या दुष्काळांत या पूर्वभागानें जें सोसलें, त्यानंतर सांठवण ही तेथें चैन नसून प्राणरक्षा आहे हें कोणास सांगावें लागलें नसेल. पुढें याच कोरड्या हवेनें तासगांवकडील शेतकऱ्यास आणखी एक विद्या शिकविली. नाजूक द्राक्ष मांडवांत जाळ्यांवर वाळवून त्याचा बेदाणा करावा, म्हणजे बाजारभाव पडला तरी माल हातचा जात नाहीं. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्यें आणि हळदीस २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. पेढा, सुंठ, गूळ, हळकुंड, बेदाणा, आणि सांगलीच्या लसूण-तिखटांत परतलेल्या चिरमुऱ्यांचें तें खमंग भडंगसुद्धां, यांतला प्रत्येक जिन्नस पाण्यावर मिळविलेला विजय आहे. ओलावा गेला, तेव्हां पदार्थ टिकला. पदार्थ टिकला, तेव्हां पेठ गाजली.

आणि शेवटीं पाण्यानेंच पेंवांवर सूड उगविला. २००५ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी हरिपूरच्या पेंवांत शिरलें आणि फार मोठा माल नासला. व्यापाऱ्यांनीं मग सिमेंटच्या वखारी व शीतगृहें जवळ केलीं. २०१९ मध्यें त्याहून मोठा पूर आला, तेव्हां त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता हें दिसून आलें. ज्या जमिनीखालीं पाणी येणार तेथें लाखोंचा माल ठेवा, असा आग्रह कोणी शहाणा माणूस धरणार नाहीं. पेंवांत उतरणाऱ्या मजुराचा जीव धोक्यांत घालून जुनी रीत चालवावी, असेंहि नाहीं.

पण माल हलविला म्हणून विद्याहि पुरांत सोडून द्यावी काय? जमीन कशी पारखावी, तोंड किती ठेवावें, पाचट कसें लावावें, उघडल्यावर किती वेळ थांबावें, हें ज्यांच्या हातांत होतें ते हात आतां थकत चालले आहेत. त्यांतलें बहुतेक कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. विजेवांचून, औषधावांचून धान्य राखणारी ही विद्या उद्यां कोठल्या उंच, कोरड्या, गरीब मुलखास उपयोगी पडेल हें आज कोणी सांगावें? आपण मात्र 'वर्गांचें पेंव फुटलें', 'दुकानांचें पेंव फुटलें' असें सर्रास बोलतों. हा वाक्प्रचार वापरणाऱ्या शंभरांपैकीं किती जणांनीं पेंव डोळ्यांनीं पाहिलें असेल? भाषेंत शब्द टिकला आणि जमिनींतली वस्तु चालली, अशी ही अवस्था आहे.

म्हणून साताऱ्या-सांगलीस कोणी खाद्यफेरी काढणार असेल, तर माझी एवढीच सूचना आहे. मोती चौकांत पेढा अवश्य द्यावा, भडंगाची पुडी बांधून द्यावी. पण फेरीचा शेवट हरिपुरास एखाद्या रिकाम्या पेंवाच्या तोंडाशीं करावा. तें एक पेंव दुरुस्त करून राखावें, आणि ज्या वृद्धांनीं त्यांत हळद भरली त्यांच्याकडून त्याची रीत बारकाव्यानें लिहून घ्यावी. पाहुण्यांनीं त्या काळोख्या तोंडांत डोकावून पाहावें, आणि तेथवर आणलेली शिदोरी तेथेंच सोडावी.