एनएमएमएस शिष्यवृत्ती: सातवी-आठवीचे गुण आणि नववीतला अर्ज

तुमचे मूल भिलाईतील शासकीय पूर्व माध्यमिक शाळेत सातवी-आठवीत शिकत असेल, तर त्याच्या गुणांवर वर्षाला १२,००० रुपयांची मदत अवलंबून आहे. केंद्र सरकारची ही योजना २००८ पासून सुरू आहे. छत्तीसगडच्या शाळांत ‘राष्ट्रीय साधन सह प्रावीण्य छात्रवृत्ति’ हे नाव तुमच्या कानावर येईल. शिष्यवृत्ती नववी ते बारावी अशी चार वर्षे मिळते.

परीक्षेला कोण बसू शकते?

शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. केंद्रीय व नवोदय विद्यालये यात येत नाहीत. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे.

परीक्षा आठवीत होते. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. दोन्ही मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ३२) गुण लागतात, पण निवड राज्याच्या कोट्यातील गुणवत्ता यादीवरून होते. त्यामुळे ‘४० मिळाले की झाले’ असे समजू नका.

यादीत नाव आहे, पैसे का आले नाहीत?

बहुतेक मुलांची शाळा आठवीनंतर बदलते आणि गफलत इथेच होते. यादीत नाव आले म्हणजे पैसे आपोआप जमा होत नाहीत. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. तो आधी नवी शाळा तपासते, मग दुर्ग जिल्ह्याचे अधिकारी. म्हणून प्रवेश घेतानाच नव्या शाळेला निवडीची माहिती द्या. पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

मूल नववीत खासगी शाळेत गेले, तर शिष्यवृत्ती बंद होते. प्रवेश बदलण्याआधी चार वर्षांच्या ४८,००० रुपयांचा हिशेब जरूर करा.

गुणांची अटही पुढे चालू राहते: आठवीत ५५ टक्के, दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना दोन्हीकडे ५ टक्के सूट), नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण.

बँक खाते मुलाच्या नावे आणि आधारशी जोडलेले असावे. मराठी आडनावे हिंदी भागात वेगवेगळी लिहिली जातात. शाळेचा दाखला, आधार आणि पासबुक यांत नाव सारखेच आहे ना, हे आठवीतच पाहून घ्या. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा.