रोग गेला, माणूस बरा झाला का?

मागच्या वेळी एक प्रश्न आपण शिल्लक ठेवला होता: रोग गेला म्हणजे माणूस बरा झाला का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तो वर्षानुवर्षे शिकवला. पण उत्तर शोधायला फार लांब जायला नको. इथून जवळच, पनवेलच्या नेरे गावात, कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे. तेव्हा आज कुष्ठरोगाचाच इतिहास पाहू.

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे, हे कळलं. पण झालं काय? पापाच्या जागी संसर्गाची भीती बसली. मुंबईचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० चं. १८९८ मध्ये कायदा आला आणि निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. औषध म्हणाल तर कडू कवठाचं तेल. त्याच्या सुया भयंकर दुखायच्या आणि गुण बेभरवशाचा.

१९४० नंतर डॅप्सोन आलं. स्वस्त गोळी, घरी बसून घेता येणारी. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ पासून वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकरांनी वेगळी वाट धरली: गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार. रोग्याला गावाबाहेर काढायचं कारणच उरलं नाही. पण डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावं लागे, आणि पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायची शिफारस केली. आज हे उपचार सहा किंवा बारा महिन्यांत संपतात, आणि तेही फुकट.

आता समजा, दोन रुग्ण आहेत. एक जण कातडीवरचा बधिर चट्टा दिसताच आला. दुसरा पाच वर्षांनी, बोटं वाकल्यावर. गोळ्या त्याच. वहीत दोघांपुढे शेरा एकच, ‘रोगमुक्त’. पहिला उद्या कामावर जाईल. दुसऱ्याचा हात तापलेल्या पातेल्याला लागला तरी त्याला कळणार नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं: बोटं झडतात ती रोगाने सडून नव्हे, तर न जाणवलेल्या जखमांमुळे. गोळी जंतू मारते. मेलेली नस परत आणत नाही.

मग दुसरा उशिरा का आला? भीतीपोटी, दुसरं काय! आणि ती भीती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात ‘असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये वगळलं. १८९८ चा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. म्हणजे बघा, रोग साध्य होऊन पस्तीस वर्षं झाली, तरी कायद्याला त्याची खबर नव्हती! ज्या बाईचा संसार चट्ट्यावर टांगलेला आहे, ती तो पदराखाली झाकणारच.

२००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, तेव्हा ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर झालं. तरी आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातच सापडतात. उपचाराचा गुण किती येणार, हे गोळीइतकंच रुग्ण दवाखान्याची पायरी केव्हा चढतो यावर ठरतं. आणि ती पायरी उंच करायची की सखल, हे आपल्या हातात आहे.

आता प्रश्न घेऊ.