म्हणे, नदीला उतारच नाही!

काल पुन्हा एक 'पक्की' बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. चौकशी केली, तर खोटी. मला आपल्या जिल्ह्यातली असईची लढाई आठवली.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज केळना नदीच्या पल्याड. वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला म्हणाले, इथं उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली. म्हणजे लोक ये-जा करत असणार, उतार असणारच! माणूस पाठवून खात्री केली, फौज उतरवली अन् लढाई जिंकली. पुढं १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा तो हाच.

आपण हरलो, हे सलतंच. पण शत्रूकडूनही शिकावं. ऐकीव बातमी छापून मीही एकदा तोंडावर पडलोय.

मंडळी, मेसेज पुढं ढकलण्याआधी नदीपर्यंत जाऊन बघत चला.